निजा आता

९ फेब्रुवारी, रविवार

आधीच माफी मागते, शुद्धलेखन चुकणार. मराठी मी शाळेत शिकले नाही. शाळा कन्नड मीडियम, ही अक्षरं हिंदीच्या तासाला आली तेवढीच. ऱ्हस्व दीर्घ अंदाजानं. आणि टायपिंग एवढं स्लो की एक ओळ होईपर्यंत कुकरच्या तीन शिट्ट्या होतात. माफी कोणाची मागते काय की, हे कोणी वाचायचंच नाही. सॉफ्टवेअरच्या ग्रुपमधल्या कोणाला मराठी वाचता येत नाही, आईला कुठलंच वाचता येत नाही, आणि अप्पांनी दोन वर्षांत पेपरसुद्धा हातात धरला नाही. म्हणून मराठीत.

मी रम्या. सतरा पूर्ण. अप्पा पीण्याच्या इंडस्ट्रियल एरियात लेथवर होते, गुंडोराव म्हणलं की आमच्या लाइनीतल्या सगळ्या शेडवाल्यांना माहीत. दोन वर्षांपूर्वी मशीनसमोरच पडले. लकवा. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. डोकं शाबूत आहे, सगळं कळतं, शब्द तेवढे बाहेर येत नाहीत. आई कँटीनला जाते, घरी कोणीतरी पायजे, म्हणून दहावी अर्धी सोडून मी बसले. खरं सांगू, शाळा सुटली त्याचं मला फार वाईट वाटलं नाही. उभं करून वाचायला लावलं की माझा गळा बंद व्हायचा.

अप्पांकडे टॅबलेट आहे. त्यात 'मातु' नावाचं सॉफ्टवेअर. कन्नडमध्ये मातु म्हणजे बोलणं. चित्र दाबलं की ते बोलतं. ओपन सोर्स आहे, म्हणजे कोणीही फुकट घ्या, आणि येत असेल तर सुधारा. कन्नड होतं, तेलुगू होतं, मराठी नव्हतं. तर मी बाथरूमचं दार लावून दोनशे बारा शब्द माझ्या आवाजात भरले आणि पाठवून दिले. त्यांनी घेतले! तेव्हापासून अप्पा माझ्या आवाजात बोलतात. 'दाढी करायचीय' हे पहिल्यांदा वाजलं तेव्हा आई हसून हसून खाली बसली होती.

ते जमलं तसं युट्यूब बघून थोडं थोडं कोडचं पण शिकले. मातुच्या ग्रुपमध्ये मी सगळं वाचते, लिहीत काही नाही. आज लिहिलं. म्हणून ही डायरी.

झालं असं. अनुषा अक्का प्रोजेक्ट चालवते. बेळ्ळंदूरला मोठ्या कंपनीत आहे, मातु शनिवार रविवार करते. तिनं विचारलं, दोन ब्रँचना नावं सुचवा. ब्रँच म्हणजे एकाच कामाच्या वेगवेगळ्या वह्या, एकीत खाडाखोड केली तर दुसरीला काही होत नाही. एक वही लोकांच्या टॅबलेटमध्ये जाणारी, एक आपली प्रयोग करायची. म्हणाली इंग्लिश नको, येलहंकाच्या, बोलता न येणाऱ्यांच्या सेंटरमधल्या अम्मांना पण कळली पायजेत, आपली साधी नावं द्या.

श्रीवत्स अण्णानं लिहिलं: nija.

तो इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आठवडाभर माझे मराठी आवाज तोच तपासत होता, इंग्लिश अक्षरांत 'चहा पायजे' वगैरे लिहून मला हसवत होता. 'निजायचंय' चित्रावरनं घेतलं असणार. मला एवढं बरं वाटलं. झोपलेली वही, अजून कोणाकडे जायची नाही ती. अगदी बरोबर. आणि माझ्या कानात एकदम आई. ती रोज दुपारी अप्पांना जेवण भरवून हेच म्हणते, "निजा आता." तर जी वही आत्ता चालू आहे तिचं नाव काय असणार?

मी लिहिलं: aata. एवढंच. पाठवलं आणि लॅपटॉप बंद केला.

१० फेब्रुवारी

पास!! अनुषा अक्का म्हणाली, "nija and aata, perfect jodi!" श्रीवत्स अण्णा म्हणाला, "रम्या, याच्यापेक्षा चांगलं कोणाला सुचलं नसतं." सेंटरच्या भाग्यलक्ष्मी मॅडमनी पण अंगठा दिला. त्यांना कॉम्प्युटरचं काही कळत नाही, त्यांनासुद्धा कळलं.

म्हणजे सगळ्यांना आवडलं. मी काही समजावून सांगायची गरजच पडली नाही.

१२ फेब्रुवारी

अनुषा अक्कानं मला काम दिलं. टॅबलेटांनी नवीन मातु कुठल्या ब्रँचमधनं घ्यायचं, ते एका फाइलमध्ये लिहायचं. एकच ओळ. मी विचारलं (टाईप करून) तुम्ही तपासणार ना. ती म्हणाली ट्रॅफिकमध्ये आहे, तू शहाणी आहेस, घाल.

aata लिहिलं. चार वेळा स्पेलिंग बघितलं. अडतीस टॅबलेट आहेत, सदतीस सेंटरच्या लोकांचे आणि एक अप्पांचा. दोन्ही वह्या सध्या सारख्याच आहेत, त्यामुळे काही बदललं नाही. तरी अप्पांना सांगितलं, मी केलं. त्यांनी 'शाबास' दाबलं. माझ्याच आवाजात मला शाबास. बरं वाटलं तरी.

१९ फेब्रुवारी

भाग्यलक्ष्मी मॅडम ग्रुपमध्ये वैतागल्या. मोठ्या बटणाचं काम होऊन आठवडा झाला म्हणता, आमच्याकडे बटण तेवढंच, लोकांची बोटं चुकतायत. अनुषा अक्का म्हणाली, "मी तर nija मध्ये टाकलंय, कधीच जायला पायजे होतं. बघते वेळ मिळाला की."

मला कळेना. nija मध्ये टाकलं तर कसं पोचणार? ती तर झोपलेली. विसरली असेल, कामाचा लोड आहे तिला. मी लिहायला घेतलं, अक्का ते aata मध्ये टाकायला पायजे ना. मग वाटलं दहा वर्षं कोड लिहिणाऱ्या बाईला मी कोण सांगणार. खोडलं.

२८ फेब्रुवारी

श्रीवत्स अण्णाचा मेसेज, मला एकटीला. "सेंटरला येणाऱ्या लहान मुलांसाठी खेळ बनवतोय. चित्रांचे आवाज आपोआप आपसात बदलतात, मुलानं ऐकून ओळखायचं कुठलं कुठे गेलं. रविवारी aata मध्ये टाकतो. त्याच्यासाठीच तर आहे ती! खेळून बघ, तुझं मत पायजे."

त्याच्यासाठीच तर आहे म्हणजे? कदाचित सगळ्यांना लगेच मिळावं असं म्हणतोय. खेळाचं वेगळं बटण असणार. विचारू का? विचारलं तर वाटेल एवढं पण कळत नाही. माझं मत मागणारा तो एकटाच आहे.

'सरी', म्हणजे बरं, लिहून पाठवलं.

३ मार्च, सोमवार. हॉस्पिटल

फोनवर लिहितेय.

सकाळी आई कँटीनला गेली. साडेनऊला टॅबलेट बोलला, "चहा पायजे." मी चहा केला. अप्पांनी कप डाव्या हातानं ढकलला. सांडला. मी म्हणलं काय अप्पा, तुम्हीच मागितला की. परत दाबलं. "फॅन लाव." लावला. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला राग आला. हो, राग आला, लिहितेच. परत दाबलं, जोरात, तीन चार वेळा. "निजायचंय. निजायचंय."

मी त्यांना आडवं केलं. पडदा ओढला. "निजा आता," म्हणलं, आईसारखं, आणि बाहेरच्या खोलीत येऊन लॅपटॉप उघडला.

साडेअकराला टॅबलेट पडल्याचा आवाज आला. आत गेले तर अप्पा घामानं भिजलेले, डावी मूठ छातीवर.

ओरडायला पायजे होतं ना कोणीही. मी नाही ओरडले. गळा बंद. धावत जाऊन शेजारचं दार दोन्ही हातांनी बडवत राहिले. रघुजी मामा घरी होते, त्यांची ऑटो दारात होती. माझं तोंड बघूनच म्हणाले, "अप्पा?" मी मान हलवली.

डॉक्टर म्हणाले हार्ट अटॅक. नळी घातली, आता बरे आहेत, मशीनवरचे आकडे ठीक आहेत. पण मला विचारलं, "कधीपासून दुखत होतं? दोन तास? मग सांगितलं का नाही त्यांनी?"

त्यांनी सांगितलं. मी टॅबलेट पिशवीतनं काढला आणि छातीचं चित्र दाबलं. 'छातीत दुखतंय' यायला पायजे. माझा आवाज म्हणाला, "चहा पायजे." परत दाबलं. "फॅन लाव."

ग्रुपवर लिहिलं, सगळे टॅबलेट बंद करा, लगेच, अप्पा हॉस्पिटलमध्ये आहेत. एवढं मोठं मी कधी लिहिलं नव्हतं.

३ मार्च, संध्याकाळ

भाग्यलक्ष्मी मॅडमनी एकेका घरी फोन करून सदतीसच्या सदतीस बंद करवले. एका आजींनी 'पाणी' दाबलं तर त्यांना दोनदा संडासला नेऊन आणलं. बाकी कोणाला काही नाही. देवाची कृपा.

मग ग्रुपमध्ये सुरू झालं. आवाज बदलतात तो खेळ कोणाचा? श्रीवत्स अण्णाचा. टॅबलेटमध्ये कसा गेला? तो म्हणाला, मी फक्त aata मध्ये टाकला, टॅबलेटमध्ये नाही टाकला. कोणी मानेना. भाग्यलक्ष्मी मॅडमनी त्याला लिहिलं, "निज हेळप्पा."

खरं सांग बाबा.

मी ते वाचलं आणि वाचतच राहिले. निज. कन्नडमध्ये निज म्हणजे खरं. हे मला माहीत नव्हतं का? मी इथेच जन्मले. दुकानात, बसमध्ये, शाळेत, रोज 'निजा?' 'निजवागलू?' ऐकते. तेवढ्यात कॉरिडॉरमध्ये एक बाई पोराच्या मागे धावत होती, "आट साकु, बा इल्ली!" खेळ पुरे, इकडे ये. आट म्हणजे खेळ. इंग्लिश अक्षरांत कसं लिहिणार? aata.

म्हणजे nija खरी वही आणि aata खेळायची. सगळ्यांसाठी. पहिल्या दिवसापासून. श्रीवत्स अण्णानं 'खरं' म्हणलं आणि मी 'खेळ' म्हणले, असं त्यांना वाटलं, म्हणून तर जोडी परफेक्ट. मी एकटी उलटं वाचत होते. आणि टॅबलेटची ओळ लिहायला मलाच दिली.

हात धुवायच्या बेसिनपाशी उभं राहून फोनवरच ती ओळ बदलली. aata खोडून nija. मोठी बटणं आता पोचतील.

का बदललं ते लिहायची जागा असते तिथे. रिकामी सोडली.

५ मार्च

श्रीवत्स अण्णानं लिहिलंय, चूक माझी असणार, कशी झाली कळत नाही, पण खेळ माझाच होता. रम्याच्या अप्पांची माफी मागतो. मी प्रोजेक्ट सोडतो.

खाली सगळ्यांचे हात जोडलेले. कोणी थांब म्हणलं नाही.

कोणी ती फाइल उघडून बघितली नाही का? त्यात तारखेसकट माझं नाव आहे. १२ फेब्रुवारी, रम्या. बघितलं तर दोन मिनिटांत कळेल. बघू नये असं वाटतं. असं वाटणं घाण आहे, तेही वाटतं.

६ मार्च

अप्पा घरी आले. मी टॅबलेट पुढे ठेवला, म्हणलं आता नीट आहे, मी स्वतः दोनशे बारा चित्रं दाबून बघितली. त्यांनी डाव्या हातानं तो पालथा घातला. हळूच, रागानं नाही. रागानं घातला असता तर बरं झालं असतं.

दिवसभर तसाच. तहान लागली तर खाटेला बोटानं टकटक करतात. आपण अंदाज करायचा. पाणी? फॅन? कूस? तिसऱ्याला मान हलते. दोन वर्षांपूर्वी असंच होतं.

७ मार्च

आई म्हणाली, "मशीनवर रुसलेत. लेथवरचं माप एकदा चुकीचं दिसलं तर आठवडाभर हात नाही लावायचे त्या मशीनला. ते कोण पोरगं होतं म्हणतेस, ज्यानं केलं?"

मी म्हणलं, "श्रीवत्स."

"आईबापांनी चांगलं नाव ठेवलंय आणि काम बघ."

मी पोळी लाटत राहिले. हे इथे लिहिते, कारण याच्यापेक्षा वाईट मी काही केलं असेल असं मला वाटत नाही.

८ मार्च

अनुषा अक्काचा मेसेज. "उद्या अकराला सगळ्यांचा कॉल आहे. तू ये. बोलली नाहीस तरी चालेल. पण ये." आणि पाच मिनिटांनी: "फाइली तपासायचं काम माझं होतं, रम्या. तुझं नाही."

असं मध्येच का लिहिलं काय की. कशाबद्दल म्हणतेय ती?

दुपारी अप्पांना सांगितलं. ते ऐकणारच, उठून जाता येत नाही त्यांना. म्हणलं अप्पा, ते पोरगं नव्हतं, मी होते. 'निजा आता'वरनं सगळं झालं. पहिल्यापासून सांगितलं, माझ्या तोंडानं, चित्र न दाबता. ते छताकडे बघत होते. मग डोळे मिटले. झोपले का ऐकलं, मला कळलं नाही.

९ मार्च, रविवार

कॉलला मी अप्पांच्या खाटेपाशीच बसले, कॅमेरा बंद, आवाज बंद. अनुषा अक्का, भाग्यलक्ष्मी मॅडम, आणि श्रीवत्स अण्णा. तो म्हणाला, "निरोप घ्यायला आलोय फक्त."

मी आवाजाचं बटण दाबलं. श्वासाचा आवाज गेला असणार, कारण सगळे थांबले.

"अण्णा," म्हणलं. पुढे येईना. मग आलं. कन्नड, मराठी, सगळं एकात कालवून. "आमच्या घरात आता म्हणजे नाऊ. नाऊ! आणि निजा म्हणजे मलगु, झोप. मी उलटं वाचलं. ती ओळ माझी. बारा फेब्रुवारी. तुमची चूक नाही. मला सोमवारीच कळलं होतं आणि मी गप्प बसले."

श्रीवत्स अण्णा, हळूच, "निजा आता... एकत्र म्हणलं तर?"

"आई रोज म्हणते. अप्पांना. झोपा आता."

"अय्यो," तो म्हणाला. "अय्यो रम्या! आणि मी म्हणत होतो काय हुशार पोरगी, खऱ्याला खेळ दिला!" आणि तो हसायला लागला, पण मध्येच त्याचा आवाज फाटला, नाक ओढल्यासारखं झालं. पाच दिवस त्याला झोप नव्हती म्हणे.

भाग्यलक्ष्मी मॅडम मात्र हसल्या नाहीत. "हसू नका रे. त्या घरात माणूस मेला असता. आणि हिला सोमवारपासून माहीत होतं. तू त्या पोराला सहा दिवस खाली मान घालायला लावलीस, पोरी." मी हो म्हणलं. दुसरं काय म्हणणार. अनुषा अक्का म्हणाली ओळ मी न बघता पास केली, मला पण बोला मॅडम. त्या म्हणाल्या, "तुला पण बोलतेच आहे!"

मग नावं बदलायची ठरली. मॅडमचा नियम, नाव पक्कं करायच्या आधी प्रत्येकानं ते आपल्या घरच्या भाषेत मोठ्यानं म्हणून दाखवायचं. मोठ्यानं, टाईप करून नाही, हे माझ्याकडे बघून. कॅमेरा बंद होता तरी मला तसंच वाटलं.

श्रीवत्स अण्णा म्हणाला, "सोपं ठेवू. टॅबलेटवर जाणारी ती tablet-mele." कन्नडमध्ये मेले म्हणजे वर.

मी ओरडले. खरंच ओरडले. "नको! नको! मेले म्हणजे... सत्तोदरु!"

"काय? सगळे?"

"सगळे टॅबलेट मेले!"

यावेळी मॅडम पण हसल्या. अनुषा अक्का म्हणाली, "तर mane. घर. लोकांच्या घरी जाते ती. रम्या, मराठीत?"

"माने आडनाव असतं."

"कोणी मरत नाही ना?"

"आईच्या कँटीनला एक माने आहेत. सारखे आजारी असतात. पण आहेत."

"सरी, घे. आणि प्रयोगाची?"

मी अप्पांकडे बघितलं. म्हणलं, "shed. पीण्यात शेडमध्ये काय पण करा, कितीही तुकडे वाया घालवा. माप तपासल्याशिवाय माल बाहेर जात नाही." सगळ्यांनी आपापल्या भाषेत म्हणून बघितलं. शेड सगळीकडे शेडच. मग टॅबलेटची ओळ कोणी लिहायची यावर मी म्हणलं दोघांनी बघितल्याशिवाय ती बदलता येऊ नये असं कुलूप घालू, श्रीवत्स अण्णा म्हणाला कुलूप मी बनवतो, मी म्हणलं मग तुम्ही सोडून जाताय ना, तो म्हणाला कुलूप बनवून जातो, मी म्हणलं कुलूप बनवणारा गेला तर किल्ली कोणाकडे, आणि छातीचं चित्र तर कुठल्याच खेळात हलता कामा नये, ते खिळ्यानं ठोकून ठेवायचं, पाण्याचं पण, आणि—

मागनं आवाज आला. माझाच.

"हळू बोल. डोकं दुखतंय."

वळून बघितलं. अप्पांनी टॅबलेट सुलटा करून मांडीवर घेतला होता. डावं बोट अजून चित्रावरच.

कॉलवर कोणीतरी विचारत होतं काय झालं, रम्या, कोण बोललं. मला सांगता येईना, यावेळी गळ्यामुळे नाही. अप्पांनी परत दाबलं. "हळू बोल."

हे सगळं लिहीपर्यंत दुपार झाली. अजून श्रीवत्स अण्णा काय म्हणाला ते राहिलंच, तो—

आई ओरडतेय. कोपऱ्यावर पाण्याचा टँकर कलंडलाय म्हणे, अख्खी गल्ली बिंदगी-घागरी घेऊन धावतेय. जाते.